सिमेंटच्या उतारावरची टोपली

आबा,

काल मी गणेशगुडीच्या धरणाच्या वसाहतीत जाऊन आलो. पत्राचा मायना मला येतो. चौथीत गुरुजींनी तो पाठ करून घेतला होता आणि आजही मी तो न चुकता लिहू शकतो. परंतु मायना लिहिला की पाकिटावर पत्ताही लिहावा लागतो, आणि तुमचा पत्ता मला ठाऊक नाही. शिवाय तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हते. माझी पाटी तुम्ही उलटी धरून बराच वेळ पाहत असा आणि "ब्येस हाय" म्हणून परत देत असा. तेव्हा हे लिखाण तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे धरूनच लिहीत आहे. काल तिथे जे पाहिले, ते ज्याला सांगितले असता समजेल असा माणूस माझ्या ओळखीत आता उरलेला नाही. तुम्हाला समजले असते.

साहेबांच्या क्वार्टर्सपुढचा तो उतार तुम्ही विसरला नसाल. वसाहतीत बाकी सगळीकडे तांबडी माती होती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. पक्की म्हणावी अशी जागा एकच, साहेबांची जीप गॅरेजात चढवण्यासाठी घातलेला सिमेंटचा रुंद पट्टा. वरच्या अंगाला तो जवळजवळ सपाट होता आणि खाली रस्त्याकडे हलकेच उतरत होता, त्यामुळे निसटलेला चेंडू थेट गटारापर्यंत धावत जाई आणि ज्याच्या हातून निसटला त्यालाच तो आणावा लागे. त्या पट्ट्यावर काल मी उभा राहिलो. सिमेंटवर हिरवे शेवाळ आहे. भेगांतून गवत आले आहे. गॅरेजाशेजारचा लोखंडी खांब अजून उभा आहे आणि वर कडेही आहे, पण कड्यामागची फळी नाही. संध्याकाळ होती, मुले खेळण्याची वेळ. दोन-तीन क्वार्टर्समध्ये माणसे राहतात असे दोरीवरच्या कपड्यांवरून दिसले. खिडक्यांतून टीव्हीवरच्या क्रिकेटचा आवाज येत होता. बाहेर कोणी नव्हते. मी मुकादम होतो तेव्हा या वेळेला सिमेंटवर चेंडू आपटण्याचा आवाज साऱ्या वसाहतीला ऐकू जाई, आणि त्या आवाजावरून मी रस्त्यावरचे दिवे लावायला माणूस पाठवत असे. काल तिथे इतके शांत होते की खाली काळी नदीचे पाणी ऐकू आले. त्या जागेवरून नदी ऐकू येते, हे इतकी वर्षे तिथे नोकरी करूनही मला माहीत नव्हते.

तुम्ही वसाहतीत आलात ते धरणात पाणी अडवले त्या वर्षी. आपले घर, खळे, खालची दोन शेते आणि ज्या शाळेत मी चार इयत्ता शिकलो ती शाळा, हे सारे पाण्याखाली गेले. बदल्यात रामनगरला जागा मिळाली, परंतु तिथे अजून भिंती उभ्या राहायच्या होत्या. म्हणून मी तुम्हाला माझ्या क्वार्टर्समध्ये आणले. ज्या धरणाने घर घेतले त्याच धरणाच्या वसाहतीत तुमचा मुलगा मुकादम होता. हे तुम्ही एकदाही बोलून दाखवले नाही. आलात त्या दिवशी फक्त एवढेच म्हणालात, "मागं पानी, फुडं पानी. मी बसू कुटं?" आणि मागच्या दाराच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसलात. गावात ज्यांच्या हातात सदैव कोयता आणि बांबूची कामटी असे, ते तुम्ही, दिवस दिवस हात मांडीवर पालथे ठेवून बसू लागलात. पुढ्यातले ताट अर्ध्यावर सोडून उठू लागलात. माझी पत्नी मला हळूच म्हणाली होती, "मामंजी हितं टिकायचे न्हाईत. तुमी कायतरी करा." मी काय करणार होतो? गळणारा नळ, तुटलेले दार, गेलेला दिवा, यांवरचे उपाय मला येत होते. तुम्हाला पुन्हा जगण्याकडे वळवण्याचा उपाय माझ्या हाताखालच्या कोणत्याही कामगाराकडे नव्हता.

तो उपाय चेंडूच्या रूपाने आला, याचे मला आजही नवल वाटते. साहेबांची मुलगी धारवाडला शाळेत होती. सुटीत आली ती एक नवा खेळ शिकून आणि एक मोठा नारिंगी चेंडू घेऊन आली. पुढे साहेबांनी तिला इथेच ठेवून घेतले आणि ती दांडेलीच्या शाळेत जाऊ लागली. वर्कशॉपमधून कोणीतरी सळई वाकवून तिला कडे करून दिले; धरणाच्या काँक्रीटला लावतात त्यातली एक जुनी फळी कड्यामागे ठोकली गेली; आणि ड्रायव्हरचा मुलगा, कारकुनाच्या दोन मुली, कॅन्टीनवाल्याची मुले, अशी वसाहतीतली सगळी पोरे त्या उतारावर जमू लागली. घरात कोणी कन्नड बोले, कोणी मराठी, कोणी कोंकणी. उतारावर सगळ्यांची मिळून एक चौथीच भाषा झाली होती. मला तो प्रकार पसंत नव्हता. दिव्याच्या काचा फुटतील अशी मला धास्ती होती आणि सरकारी जागेत आरडाओरडा होऊ नये, असे माझे मत होते.

एका संध्याकाळी तुम्ही मागच्या पायरीवरून मान वळवलीत. कितीतरी दिवसांनी तुम्ही आपणहून काही विचारले होते.

"त्यो धपधप आवाज कसला रं?"

"मुले बास्केटबॉल खेळत आहेत, आबा."

"म्हंजी काय?"

"टोपलीत चेंडू टाकण्याचा खेळ आहे."

तुम्ही उठलात, घरातून चालत पुढच्या दारात आलात आणि समोर पाहत राहिलात. "टोपली कुटं हाय?"

"प्रत्यक्षात टोपली नसते. लोखंडी कडे असते. त्या कड्यातून चेंडू—"

"सरळ बोल की. कचेरीत हाईस काय?" आणि मी आणखी काही सांगण्याच्या आत तुम्ही रस्ता ओलांडून त्या उतारावर पोहोचलात. मी टोपी घालून मागे आलो, कारण साहेबांच्या दारात माझा बाप नुसत्या लंगोटीपंच्यावर उभा होता.

मुलगी चेंडू कडेवर घेऊन थांबली. "काय अज्जा?" तिच्या भाषेत आजोबांना अज्जा म्हणतात, आणि त्या क्षणापासून तुम्ही साऱ्या वसाहतीचे अज्जा झालात.

"ह्यात टोपली हुती का कवा?"

"जाळी होती, अज्जा. पावसात कुजून गेली."

"जाळीत चेंडू ऱ्हातुय?"

"नाही हो, खाली पडतो."

"पडायचाच असंल, तर वर टाकायचा कशाला?"

पोरे हसली. ड्रायव्हरचा मुलगा तोंडाळ होता. तो म्हणाला, "अज्जा, पॉइंट मिळतो!"

"मिळतुय? मग दाव की. कुटं ठेवलाईस?"

त्याने खिसे उलटे करून दाखवले, आणि पोरे उतारावर अक्षरशः लोळली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कड्याकडे पाहत होतात, हात उंच करून बोटांनी हवेतच त्याचा घेर मापत होतात. ते हात मांडीवरून उठले होते. मी ते पाहिले आणि दिव्याच्या काचांबद्दल जे बोलायला आलो होतो, ते न बोलता परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोयता मागितलात. वसाहतीमागच्या बेटातून बांबू तोडून आणलात, पायरीवर बसून त्याच्या कामट्या काढल्यात आणि विणायला बसलात. तुमच्या हाताखाली टोपली नेहमी तळापासून सुरू होत असे. आधी आडव्या-उभ्या कामट्यांचा चौक, मग त्याचा गोल, मग कामट्या वर वळवून भिंती. ही टोपली तुम्ही उथळ केलीत, कारण चेंडू किती मोठा आहे ते तुम्ही आदल्या दिवशी हातात घेऊन पाहिले होते. दुपारी पत्नीने मला कामावर निरोप धाडला. मी घाबरून घरी आलो, तर ती चुलीपाशी डोळे पुसत हसत होती. "मामंजींनी आज दोनदा वाढून घेतलं," एवढाच निरोप होता.

टोपली घराबाहेर रिकामी द्यायची नाही, ही आपल्या घराची रीत. लग्नाची असो, पेरणीची असो, शेजाऱ्याची असो, नव्या टोपलीत मूठभर भात, कोंड्यासकट, घालूनच ती दुसऱ्याच्या हातात ठेवायची. संध्याकाळी शिडी लावून तुम्ही वेताच्या सालीने टोपली कड्याला बांधलीत आणि कमरेच्या पुरचुंडीतून भात काढून तिच्यात घातलात. मग खाली उतरून मुलीला म्हणालात, "हां, आता टाक." तिने टाकला. चेंडू टोपलीत बसला, भाताचे दाणे उसळून चहूकडे उडाले, पोरांच्या डोक्यावर, माझ्या टोपीवर, साहेबांच्या जीपच्या टपावर. सगळे आ वासून पाहत राहिले. चेंडू वरच होता.

"अज्जा," मुलगी म्हणाली, "तो आतच राहिला."

"मग? टोपलीत टाकल्यालं टोपलीतच ऱ्हातंय."

"आता खेळायचं कसं?" ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला. "अज्जा, तळ काढा ना. नुसता तळ कापला की झालं."

तुमचा चेहरा मला दिसत होता. घर गेले तेव्हाही तो असा झाला नव्हता. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तळ काडला तर ती टोपली ऱ्हातीया व्हय, बाळा?" मी पुढे झालो, खेळाचा नियम तसाच असल्याचे मी तुम्हाला समजावून सांगणार होतो. मुलीने मला हाताने थांबवले. ती साहेबांची मुलगी होती आणि मी मुकादम, मी थांबलो. ती तुमच्याकडे पाहत म्हणाली, "तळ असू दे. चेंडू तुम्ही काढून द्या, अज्जा. दर वेळी."

तेव्हापासून तुम्ही लांब काठी घेऊन त्या खांबाशी स्टुलावर बसू लागलात. तळाच्या मधोमध काठीचे टोक जाईल एवढी फट तुम्ही कामट्या सारून केलीत. कोणी चेंडू टोपलीत टाकला की खेळ जागच्या जागी थांबे. सगळी पोरे, ज्याचे हात जिथे असतील तिथे ठेवून, तुमच्याकडे पाहत. तुम्ही उठत, काठी वर घालत, चेंडूला खालून अलगद ढकलत, तो काठावर येऊन क्षणभर रेंगाळे आणि खाली पडे. मग पुन्हा आरडाओरडा सुरू. घाई कोणीच करत नसे. चेंडू लागून कामट्या रोज तुटत आणि रोज सकाळी तुम्ही त्या नव्या घालत असा. तुम्हाला काम होते. तुम्ही जेवत होतात. पोरांची भांडणे तुमच्यापुढे येत आणि तुम्ही ती मिटवत होतात, कोणत्या भाषेत ते देव जाणे. एकदा मी कामावरून येताना उताराच्या कडेला उभा राहून पाहत होतो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहताच म्हणालात, "सरकारनं तुला टोपी दिली, बसाय दिलं न्हाई व्हय? बस की." पोरांसमोर मला ते फार लागले. तरीही मी बसलो, त्या सिमेंटच्या कडेवर, टोपीसकट. नोकरीत असताना जमिनीवर बसण्याची माझी ती पहिली वेळ. तिथून खालून वर पाहिले की चेंडू आकाशातून येतो आहे असे वाटे. चेंडू वर जातो तेव्हा सगळे गप्प होतात, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. हातातून सुटल्यापासून टोपलीपर्यंत पोहोचेतो कोणाच्याही तोंडून आवाज निघत नाही. देवळात आरती संपल्यावर जशी एक शांतता होते, तशी ती होती, आणि ती प्रत्येक फेकीला होत असे.

मग दांडेलीच्या मुलांशी सामना ठरला. ती मुले आपल्या उतारावर येणार होती. तुम्ही पायरीवर कामट्या तासत होतात, आणि पोरे कुंपणापलीकडे, तुम्हाला ऐकू जात नाही असे समजून, बोलत होती.

"टोपलीला तळ बघून हसतील ती," ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला. "त्यांच्याकडे खरी नेट आहे. त्यांच्याकडे बूट पण आहेत."

"हसू दे," मुलगी म्हणाली. "इथं खेळायचं तर इथल्यासारखं. आमच्या टोपलीला तळ असतो. चेंडू अज्जा काढतात."

"हरलो तर?"

"हरलो तर हरलो. अज्जांना कोणी काही बोलायचं नाही. कळलं?"

तुमचा कोयता थांबला नाही. मी आत उभा होतो आणि तुम्ही ऐकले की नाही, हे मला कळले नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी मात्र तुम्ही मला शिडी धरायला बोलावलेत. उतारावर कोणी नव्हते. तुम्ही वर चढलात, भिंतींच्या कामट्या उसवू नयेत म्हणून त्या वेताने आवळून बांधल्यात आणि मग कोयत्याच्या टोकाने, धार्मिक कृत्य करावे तसे सावकाश, तळ कापायला लागलात. मी खालून म्हणालो, "आबा, कशासाठी? मुलांनी तर सांगितले आहे—"

"पाव्हनी येनार. पोरं आपली पळायची सोडून माझ्याकडं बगत बसतील व्हय?"

तळ अखंड निघाला. तुम्ही तो मला वरून दिलात. "चुलीत घाल. आंगूळीचं पानी तापंल." मग म्हणालात, "मूठभर भात आन."

मी आणला. रीत मोडायची नव्हती. तुम्ही तो भात तळ नसलेल्या टोपलीत ओतलात आणि तो सरळ आरपार खाली आला, सिमेंटवर आवाज करत सांडला. तुम्ही शिडीवरून वाकून पाहत होतात. मी तुमच्याकडे पाहत होतो. माझी समजूत होती की तुम्हाला आता वाईट वाटेल. तुम्ही म्हणालात, "गेलं बग. सरळ गेलं." पुन्हा म्हणालात, "आन आनखी मूठभर." मी पुन्हा आणला. तुम्ही पुन्हा ओतलात आणि दाणे पडताना मान त्यांच्याबरोबर खाली नेलीत. साऱ्या जन्मात तुम्ही टोपलीत घातलेले कधी असे जाताना पाहिले नव्हते. चिमण्या आल्या. तुमच्या चेहऱ्यावर जे होते, ते मी माझ्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले होते, त्यांनी कॅसलरॉकला आगगाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा. बापाच्या चेहऱ्यावर ते पाहायला मिळेल, असे मला वाटले नव्हते.

सामना आपण हरलो. कसे हरलो, ते मात्र आपणा दोघांनाच नीट दिसले, कारण बाकीचे ओरडत होते. आपल्या पोरांनी टोपलीत चेंडू टाकला, चेंडू आरपार पडला, आणि आपली पोरे थांबली. सगळीच्या सगळी. जागच्या जागी थांबून त्यांनी तुमच्याकडे पाहिले. तेवढ्यात दांडेलीच्या मुलांनी चेंडू उचलला आणि त्याच टोपलीत टाकलाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मुलगी ओरडत होती, "थांबू नका रे!" आणि स्वतःच थांबत होती. तुम्ही मला कोपराने ढोसलेत.

"का थांबत्यात रं?"

"तुमच्यासाठी, आबा."

तुम्ही पाणी मागितलेत आणि तांब्या तोंडाला लावून बराच वेळ तसाच धरलात.

खेळ संपल्यावर दांडेलीच्या एका मुलाने विचारले, "तुम्ही सारखे त्या म्हाताऱ्याकडं काय बघता?" ड्रायव्हरचा मुलगा हरला होता, गुडघे फुटले होते, पण तोंड शाबूत होते. "म्हातारा नाही तो. आमचा अंपायर आहे." तुम्ही मला विचारलेत, "अंपायर म्हंजी?" मला नेमका अर्थ ठाऊक नव्हता आणि ठाऊक नसलेले सांगण्याची मला सवय नाही. मुलगीच म्हणाली, "ज्याच्याशिवाय खेळ होत नाही तो, अज्जा." तुम्ही काठी उचलून खांद्यावर टाकलीत. "मग व्हय," म्हणालात, आणि जेवायला घरी गेलात.

इथपर्यंतचे तुम्हाला ठाऊक आहे. यापुढचे नाही.

शिमग्याच्या आधी तुम्ही गेलात, तेव्हा काही दिवस उतारावर चेंडू आपटला नाही. मग मुलगी आमच्या दारात आली आणि म्हणाली, "काका, खेळू का?" माझी परवानगी कोणी मागावी असा तो विषय नव्हता, मी मान हलवली आणि तिच्यामागून गेलो. पहिला चेंडू आरपार पडला आणि पोरे थांबली. त्यांनी खांबाशी पाहिले, जिथे तुमचे स्टूल असे. आणि मग खेळू लागली. हे दुःखाचे आहे, चार दिवसांत जाईल, असे मला वाटले. ते गेले नाही. दुसऱ्या वर्षी साहेबांची बदली झाली, मुलगी गेली. जाताना चेंडू ड्रायव्हरच्या मुलाला देऊन गेली. नवी माणसे आली, त्यांची मुले आली. त्या मुलांनी तुम्हाला कधी पाहिले नव्हते. तुमची टोपलीही तोपर्यंत मोडून गेली होती, नुसते कडे उरले होते, कारण मी विणायला बसलो आणि माझ्या हातून जे झाले त्याला टोपली म्हणणे योग्य नव्हते. तरीही चेंडू कड्यातून पडला की ती नवी मुले थांबत. थोडीशीच, श्वास घेण्याएवढी. एका लहान मुलीला मी विचारले, "तुम्ही मध्येच का थांबता?" तिने माझ्याकडे अडाण्याकडे पाहावे तसे पाहिले. "इथं असंच खेळतात," ती म्हणाली.

आबा, मी त्या दिवशी कामावर परत गेलो नाही. रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. गावाचे नाव नकाशावरून जाते, घर पाण्याखाली जाते, माणूस मातीत जातो, हे मी पाहिले होते. पण एखाद्या माणसाची जागा, त्याला न पाहिलेल्या पोरांच्या अंगात, त्यांच्या नकळत राहू शकते, हे मला कोणत्याही इयत्तेत शिकवले गेले नव्हते. तुमचे नाव कोणी घेत नव्हते. तुमच्यासाठी थांबत मात्र होते.

हे सारे कोणी बंद केले असे नाही. कोणी बंदी घातली नाही. घातली असती, तर मी तिच्याविरुद्ध अर्ज केला असता, योग्य त्या मायन्यासह. धरणाचे काम संपले, माणसे बदलीवर गेली, क्वार्टर्सना कुलपे लागली. राहिलेल्यांच्या घरी टीव्ही आले आणि संध्याकाळी दारे आतून लागू लागली. मुले शाळेनंतर दांडेलीतच शिकवणीला थांबू लागली आणि शेवटच्या बसने अंधार पडल्यावर घरी येऊ लागली. उतारावर कोणीतरी आपली मोटार कापड घालून उभी करू लागले. जागा मोटारीसाठीच होती, तेव्हा त्याचीही चूक नाही. पाच मुले होती ती तीन झाली, मग एकटाच एक जण चेंडू आपटताना दिसे, आणि एकट्याच्या खेळात थांबायचे कोणासाठी? शेवटचा चेंडू कोणी टाकला, कोणत्या दिवशी टाकला, हे मला सांगता येत नाही. वसाहतीतला कोणता नळ कोणत्या दिवशी गळू लागला, हे मला सांगता येत असे. ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि मी ती घडताना पाहिली नाही. रामनगरात आपल्या गल्लीत आता कितीतरी मुले आहेत. ती हुशार आहेत, स्वच्छ कपडे घालतात, मला नमस्कार करतात. संध्याकाळी गल्लीत त्यांचा आवाज नसतो. मी त्यांना दोष देत नाही. मला फक्त एवढेच वाटते की ती थांबणारी मुले जगात कुठेतरी आहेत, आता मोठी झालेली, संसारात पडलेली, आणि त्यांपैकी कोणाच्या तरी अंगणात त्यांची मुले चेंडू टाकत असतील. आणि चेंडू पडल्यावर आपण क्षणभर का थांबलो, याचे त्या माणसाला स्वतःलाच कोडे पडत असेल.

काल त्या शेवाळावर मी उभा राहिलो आणि कड्याकडे पाहिले. हातात चेंडू नव्हता. खिशात घरून आणलेला मूठभर भात होता. खांबाला लावायला शिडी नव्हती आणि माझे वय चढण्याचे नाही, म्हणून मी खालूनच भात वर फेकला. काही दाणे कड्यातून गेले असावेत. ते पडेपर्यंत मी थांबलो, रीतसर, जागच्या जागी. मग कोणी खिडकीतून पाहत तर नाही ना, हे पाहिले आणि बस धरली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सकाळी तुम्ही "चुलीत घाल" म्हणालात आणि दुपारी विचारलेत, "घातला?" मी "घातला" असे उत्तर दिले. मी तो घातला नव्हता. टोपलीचा तो तळ माझ्याकडे आहे. धुराने काळा झाला आहे, पण एकही कामटी सुटलेली नाही. देवळीत ठेवतो. पत्नी असेपर्यंत त्यावर फुले ठेवत असे. तळ कशाचा, हे तिला माहीत होते, आणि मी ते कोणाला सांगत नाही हेही. आता हे कागद मी दुमडून त्यावरच ठेवणार आहे. पाकीट आणले नाही. टोपलीत टाकल्यालं टोपलीतच ऱ्हातंय, असे तुम्हीच म्हणाला होतात.